मोट, पंप आणि पळायचे बूट

किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात आहे. तिथले रेल्वे स्थानक एकेकाळी कुंडल रोड या नावाने ओळखले जाई. बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी या स्थानकाजवळची ३२ एकर पडीक जमीन दिली आणि १९१० मध्ये निवडुंग तोडून तिथे कारखाना उभा राहिला. आधी लोखंडी नांगर आणि मग १९२६ मध्ये सेंट्रिफ्यूगल पंप, या क्रमाने या माळाने दख्खनची शेती बदलली. उद्योगाच्या अंगाने हा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. त्याची चामड्याच्या धंद्याशी असलेली बाजू मात्र फारशी कोणी पाहिली नाही. पंप आला, मोट गेली आणि मोटेबरोबर गावातल्या चामड्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक गेले. आज खेळाच्या बुटांचा उद्योग चक्राकार कसा करायचा, म्हणजे झिजलेला बूट कचऱ्यात न जाता पुन्हा वापरात कसा यायचा, याची चर्चा जगभर चालली आहे. त्या चर्चेला लागणारा पुरावा या एका टापूच्या शंभर-सव्वाशे वर्षांत मिळतो. मोट, पंप आणि बूट या तीन वस्तू शेजारी ठेवून पाहिल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. वस्तू फिरती राहायची तर दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात: ती उसवता आली पाहिजे आणि ती सांधणाऱ्याला त्याच्या कामाचे मोल मिळाले पाहिजे. मोटेने पहिली अट पाळली आणि दुसरी मोडली. पंपाने दोन्ही पाळल्या. बूट आज एकही पाळत नाही.

मोट नीट पाहण्यासारखी वस्तू होती. जाड कातड्याचा मोठा पोहरा, खाली त्याच कातड्याची निमुळती सोंड. पोहऱ्याला नाडा, सोंडेला सोंदूर. बैल धावेवरून उतारावर गेले की मोट वर येई, सोंड थारोळ्यात पडे आणि पाणी पाटाला लागे. कृष्णाकाठची भिलवडी, औदुंबर, आमणापूर ही गावे सोडली तर वरच्या अंगाची शेती विहिरीवर आणि म्हणून मोटेवरच चाले. ही मोट ज्या कातड्याची असे ते बहुतेक गावातल्याच मेलेल्या जनावराचे. ते चुन्यात टाकून केस काढत, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावत. कातड्याचीच पिशवी शिवायची, तीत साल-हिरड्याचे पाणी भरायचे आणि ती टांगून ठेवायची, म्हणजे रस आतून बाहेर झिरपत कातड्यात मुरतो, अशी ती रीत होती आणि तिला आठवडेच्या आठवडे लागत. मोट फाटली तर ठिगळ लावत. ठिगळानेही भागेनासे झाले की तिच्या चांगल्या राहिलेल्या भागातून वाद्या आणि तुकडे निघत. जो बैल मोट ओढी त्याचेच कातडे पुढे कधीतरी मोट होई, आणि मोटेचे आयुष्य सरल्यावर उरलेले चामडे झिजून, कुजून मातीला मिळे. या साखळीत टाकाऊ असे जवळजवळ काही उरत नव्हते.

पायातल्या वहाणेचीही गत हीच. आज जिला आपण कोल्हापुरी चप्पल म्हणतो ती एकट्या कोल्हापूरची नाही. २०१९ मध्ये तिला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर हे चार जिल्हे आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार जिल्हे आहेत. म्हणजे पलूस या वहाणेच्या मूळ मुलखातच येते. ही चप्पल हातात घेऊन उलटी केली तर तिचे सगळे शास्त्र दिसते. चामड्याचे थर एकावर एक ठेवलेले, कडेने चामड्याच्याच वादीने टाके घातलेले, दोन्ही बाजूंना कान, कानांत पट्टा आणि पुढे अंगठा. अस्सल चपलेत खिळा नसतो आणि तिची मदार डिंकावर नसते. तळ झिजला तर टाका उसवून खाली नवा थर शिवता येतो, अंगठा तुटला तर तेवढाच बदलता येतो. आरी, रापी आणि हातोडी एवढ्या हत्यारांवर ही दुरुस्ती होते. पुढे ट्रक आणि एसटी आल्यावर कारागिरांनी झिजलेल्या टायरचे तुकडे तळाला लावले आणि रानात, उसाच्या फडात चालणारे भक्कम पायताण तयार केले. गाडीचा टायर माणसाच्या पायात आणखी काही वर्षे चालवण्याची ही युक्ती कोणत्याही संशोधन संस्थेने शिकवली नव्हती. वहाण उसवून सांधता येते हे हातांना ठाऊक होते, म्हणून नवा माल जुन्या रीतीत सहज बसला.

इथे एक आक्षेप आधीच घ्यायला हवा आणि तो सर्वांत गंभीर आहे. हे चक्र फिरत होते ते कोणाच्या जोरावर? त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’मध्ये बलुतेदारीचे जे वर्णन आहे त्यात कोणाचे काम कोणते हे जन्माने ठरलेले दिसते. मेलेले जनावर ओढायचे एकाने, कातडे कमवायचे दुसऱ्याने, वहाण शिवायची तिसऱ्याने. मोबदला सुगीला खळ्यावर मिळणाऱ्या धान्याचा, तोही देणाऱ्याच्या मनाप्रमाणे. वर अस्पृश्यतेचा कलंक. ज्याच्या हातची मोट विहिरीत उतरे, त्याच्या हातचे पाणी चालत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९२७ मध्ये महाडला जी परिषद भरली तिथे मेलेली जनावरे ओढणे आणि त्यांचे मांस खाणे सोडण्याची हाक दिली गेली, आणि गावोगाव ती पाळली गेली. पुढे १९५८ मध्ये कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने रद्द झाली. या नकाराकडे कचऱ्याच्या हिशेबातून पाहून ‘एक चांगली साखळी तुटली’ असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती साखळी तुटायलाच हवी होती. गावातली एकही वस्तू वाया जात नव्हती याचा अभिमान धरणाऱ्याने त्या व्यवस्थेत माणसे वाया जात होती हेही मान्य केले पाहिजे. म्हणून मोटेच्या इतिहासातून बांधणीची रीत घ्यावी, व्यवस्था घेऊ नये. फुकटात किंवा जुलमाने फिरवलेले चक्र टिकत नाही, ज्याच्या खांद्यावर ते असते तो माणूस संधी मिळताच ते खाली ठेवतो, आणि त्याने ठेवावेही, हा त्या इतिहासाचा धडा आहे.

आता पंपाकडे वळू. कारखान्यात तयार झालेला माल आला की दुरुस्ती संपते आणि फेकाफेकी सुरू होते, असे सरसकट बोलले जाते. किर्लोस्करवाडीचा पंप हे म्हणणे खोडून काढतो. आधी ऑईल इंजिने आली, १९६० नंतर कोयनेची वीज आली, पुढे ताकारीसारख्या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी वर चढवले आणि मोट अडगळीत गेली. पण पंप हा कारखान्याचा माल असूनही तो फेकायची वस्तू झाला नाही. त्याची बांधणी नटबोल्टची आहे. पाना घेतला की तो उघडतो. बेअरिंग गेले तर बेअरिंग बदलायचे, पाणी गळायला लागले तर पॅकिंग बदलायचे, इंपेलर झिजला तर इंपेलर. मोटर जळाली तर ती रिवाइंडिंगच्या दुकानात जाते, जळकी तार निघते, नवी भरली जाते आणि निघालेले तांबे वजनावर विकले जाते. शेवटी बीड भंगारात जाते तेही पुन्हा भट्टीत पडून ओतायलाच. पलूस असो की तासगाव, बाजारपेठेच्या गावात रिवाइंडिंगचे दुकान नाही असे सहसा होत नाही. त्या दुकानातल्या माणसाला कोणी हलके समजत नाही. तो ‘मिस्त्री’ असतो, त्याचा दर तो सांगतो, पाणी द्यायच्या दिवसांत शेतकरी त्याच्या दारात थांबतो. हे काम कोणत्याही जातीचा मुलगा शिकतो आणि आयटीआयमध्ये त्याचे शिक्षणही मिळते. मोटेच्या काळात जी दुरुस्ती जातीची सक्ती होती तीच पंपाच्या काळात कौशल्याचा धंदा झाली. याचा अर्थ असा की आधुनिक माल आणि फिरते चक्र यांत वैर नाही. माल कसा जोडला आहे आणि जोडणाऱ्याला काय मिळते, यावर सारे ठरते.

बुटांचा इतिहास आपल्याकडे उशिरा सुरू होतो. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात झालेल्या शर्यतींत शेतकरी घरांतली मुले अनवाणी पळाली. त्यांची गती पाहून अध्यक्ष दोराबजी टाटा थक्क झाले आणि पुढल्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठवण्याची त्यांनी खटपट केली. त्या चमूतले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९वे आले. कुंडलच्या कुस्तीच्या मैदानावर लाल मातीत पैलवान अनवाणीच उतरतात. खेळासाठी बूट लागतात ही कल्पना मॅट, सिंथेटिक ट्रॅक आणि डांबरी रस्ता यांच्याबरोबर आली. आज सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर पहाटे पळणारी मुले-मुली पाहिली तर बहुतेक भरतीची तयारी करणारी असतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावे लागते, त्याआधी वर्ष-दोन वर्षांचा सराव. पळायच्या बुटाचे आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धरतात. रोज दहा किलोमीटर, आठवड्यातून सहा दिवस पळणाऱ्या मुलाचा जोड तीन महिन्यांत संपतो. म्हणजे वर्षाला चार जोड, आणि तेही अशा घरात जिथे एका जोडाचे पैसे उभे करणे सोपे नसते. साताऱ्याच्या डोंगरावर २०१२ पासून होणाऱ्या हिल मॅरेथॉनला येणारा हौशी धावपटू आणि पहाटे कॅनॉलच्या रस्त्याने पळणारा शेतमजुराचा मुलगा, दोघांचे बूट शेवटी एकाच उकिरड्यावर जातात.

ते तिथे का जातात, याचे उत्तर बुटाच्या पोटात आहे. वहाण एका मालाची असते, तर पळायचा बूट अनेक मालांचा. वर पॉलिएस्टरची जाळी, आत फोम, मधे ईव्हीए नावाच्या फुगवलेल्या प्लॅस्टिकचा जाड थर, खाली रबर, नाड्यांच्या भोकांना धातू किंवा प्लॅस्टिक, आणि हे सारे डिंकाने एकजीव केलेले. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०१३ मध्ये एका धावण्याच्या बुटाचा हिशेब मांडला तेव्हा त्यात ६५ सुटे भाग आणि ते घडवायला ३६० कृती मोजल्या गेल्या. एका जोडामागे सुमारे १४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि त्यातला दोन तृतीयांशाहून मोठा वाटा कच्च्या मालाचा नसून कारखान्यातल्या घडणीचा असतो, असे त्यांना आढळले. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. जुना बूट दळून त्याचा भुगा केला तर थोडा माल वाचतो, घडणीवर गेलेली ऊर्जा मात्र पुरती बुडते. ती वाचवायची तर घडलेला बूटच अधिक काळ चालला पाहिजे. जगात वर्षाला २००० कोटींहून अधिक जोड पादत्राणे तयार होतात आणि ती तयार करण्यात व वापरण्यात चीनच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागतो, तेव्हा हा प्रश्न परक्यांचा म्हणून सोडता येणार नाही.

मोठ्या कंपन्यांनी काही केले नाही असे नाही. नाइकीने १९९२च्या सुमारास जुने बूट गोळा करून त्यांचा भुगा करायला आणि तो मैदानांच्या पृष्ठभागासाठी वापरायला सुरुवात केली. आदिदासने २०१९ मध्ये एकाच जातीच्या प्लॅस्टिकचा, डिंक न लावलेला बूट करून दाखवला, म्हणजे तो वितळवून पुन्हा बूट करता यावा. मुंबईत श्रीयांस भंडारी आणि रमेश धामी या दोन धावपटूंनी ग्रीनसोल सुरू केले, आणि टाकून दिलेल्या खेळाच्या बुटांच्या तळांपासून चपला करून त्या अनवाणी शाळेत जाणाऱ्या मुलांपर्यंत पोचवल्या. या तिन्ही प्रयत्नांचे मोल सारखे नाही. बुटाचा भुगा मैदानात गेला की तो पुन्हा बूट होत नाही, त्याला चक्र म्हणता येणार नाही. एकाच प्लॅस्टिकचा बूट ही खरी सुधारणा आहे, पण तो परत कारखान्यापर्यंत नेणारी साखळी पलूसच्या बाजारातून सुरू होत नाही. ग्रीनसोलची रीत आपल्या टायरच्या पायताणाच्या सर्वांत जवळची आहे, कारण तिथे घडलेल्या तळाचे आयुष्य वाढते. पण तिथेही पळायचा बूट पुन्हा पळायचा बूट होत नाही, एक पायरी खाली उतरून चप्पल होतो. चढत्या क्रमाने पाहिले तर सर्वांत वर दुरुस्ती येते आणि नेमक्या त्याच पायरीवर उद्योगाने सर्वांत कमी काम केले आहे.

दुरुस्तीवर काम का होत नाही, याला दोन उत्तरे मिळतात. पहिले असे की पळायचा बूट हा तांत्रिक माल आहे, फोम एकदा दबला की त्याची उसळी परत येत नाही, मग दुरुस्त काय करायचे? फोम दुरुस्त होत नाही हे खरेच आहे. पंपाचे पॅकिंग तरी कुठे दुरुस्त होते? ते बदलतात. भरतीच्या मुलाचा जोड पाहिला तर तळाचे रबर टाचेला घासून गेलेले आणि फोम बसलेला असतो, वरची जाळी मात्र पुष्कळदा शाबूत असते. वरचा भाग आणि तळ यांची जोडणी उसवता येईल अशी केली तर तळ तेवढा बदलता येईल. गिर्यारोहकांच्या बुटांना नवा तळ लावण्याचा धंदा युरोपात व्यवस्थित चालतो, आणि एकोणिसाव्या शतकात निघालेली गुडइअर वेल्टची शिलाई आजही चामडी बुटांत त्याच कारणासाठी वापरली जाते. पादत्राणांच्या गुणवत्तेच्या चाचण्यांत तळ वरच्या भागाला किती घट्ट चिकटला आहे हे मोजले जाते. तो गरज पडल्यावर किती नीट सुटतो हेही मोजायला काय हरकत आहे? घट्ट बसणे आणि सुटणे यांत विरोध नाही, हे नटबोल्टने केव्हाच सिद्ध केले आहे.

दुसरे उत्तर पैशाचे. दुरुस्त होणारा बूट महाग पडेल आणि गरिबाला परवडणार नाही. हा आक्षेप माणुसकीचा वाटतो, पण हिशेबात टिकत नाही. वर्षाला चार जोड घेणाऱ्या मुलालाच तळ बदलण्याची सोय सर्वांत उपयोगाची आहे. पंप शेतकऱ्याला परवडतो तो स्वस्त आहे म्हणून नव्हे. तो वर्षानुवर्षे चालतो, सुटे भाग मिळतात, आणि विकायचा झाला तर जुनाही पैसे देऊन जातो. मात्र दुरुस्तीची मजुरी नव्या मालाच्या किमतीपुढे टिकायची असेल तर तिला आधार लागेल. फ्रान्सने २०२३ मध्ये कपडे आणि बूट दुरुस्त करून घेणाऱ्याला बिलातच काही युरोंची सवलत द्यायला सुरुवात केली आणि तो पैसा उत्पादकांच्या वर्गणीतून उभा केला. आपल्याकडेही टायर, प्लॅस्टिक वेष्टने आणि बॅटऱ्या यांची जबाबदारी २०२२च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. बुटांच्या बाबतीत हीच जबाबदारी आणायची तर तिचा पैसा बुटांचा भुगा करण्याऐवजी सांधणाऱ्याच्या मजुरीकडे वळवला पाहिजे.

आणि तो सांधणारा आहे, नाहीसा झालेला नाही. सरकारी भाषेत त्याला गटई कामगार म्हणतात. समाजकल्याण खाते त्याला पत्र्याचा स्टॉल देते, आणि १९७४ मध्ये स्थापन झालेले संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ कर्ज आणि प्रशिक्षण देते. स्टॉल मिळाला, पण त्यात बसून सांधता येईल असा बूट बाजारात नाही. त्याच्याकडे येणाऱ्या जोडाला तो डिंक लावतो, दोन टाके मारतो, आणि ते आठ दिवसांत सुटतात. यात त्याच्या हाताचा दोष नाही, बुटाच्या बांधणीचा आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडा या फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली तेव्हा महाराष्ट्रात संताप झाला. तो योग्यच होता. पण या कारागिराची बांधणी जगाने उचलली याचा राग येणाऱ्या समाजाने त्याच बांधणीचे शहाणपण आपल्या बुटांच्या कारखान्यांपर्यंत नेले नाही, याची खंतही बाळगायला हवी. पुढच्या पिढीतल्या मुलाने हे काम बापाच्या जातीमुळे करू नये. ते मिस्त्रीचे काम म्हणून, यंत्र, प्रशिक्षण आणि ठरलेल्या दरासह, ज्याला हवे त्याने करावे. रिवाइंडिंगच्या दुकानाने हे शक्य असल्याचे याच तालुक्यात दाखवले आहे.

पंप घेणारा शेतकरी दुकानात पैसे मोजण्याआधी एक प्रश्न हमखास विचारतो: याचे स्पेअर मिळतात का? तो प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला म्हणून कंपन्यांना सुटे भाग गावोगाव ठेवावे लागले आणि मिस्त्री टिकला. बुटाच्या दुकानात आपण रंग पाहतो, भाव करतो, मापाचा जोड घालून दोन पावले चालतो आणि निघतो. पुढच्या वेळी जोड उलटा करून दुकानदाराला एवढे विचारा: याचा तळ बदलून मिळतो का?